१० मार्च ते १५ ऑगस्ट : जळालेल्या शहरांतून आठ दिवस

हिरोशिमाला जाणारे पुष्कळ असतात. सकाळी ओसाकाहून निघायचं, अणुबॉम्बमधून उरलेल्या घुमटासमोर फोटो, संग्रहालयात दीड तास, दुपारी मियाजिमा बेटावरचं लाल तोरण (देवळापुढची कमान), रात्री परत. अशा धावत्या भेटीत ६ ऑगस्ट १९४५ हा दिवस आभाळातून एकटाच पडल्यासारखा वाटतो. त्याआधी पाच महिने जपानची साठाहून अधिक शहरं एकामागून एक जाळली जात होती. हिरोशिमातली शाळकरी मुलं त्या सकाळी भर रस्त्यात का होती आणि तीन दिवसांनी कोकुराऐवजी नागासाकी का गेलं, या दोन्हींची उत्तरं त्या जाळपोळीत आहेत. म्हणून ही फेरी तारखांच्या क्रमाने आखली आहे. सुदैवाने, शेवटचा दिवस सोडला तर, रेल्वेचा मार्गही तोच पडतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे.

आधी तिकिटाचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपान रेल्वेचा सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. एकाच दिशेने जाणाऱ्याला तो आता परवडत नाही. टोकियो ते नागासाकी असं एकच मूळ भाड्याचं कागदी तिकीट स्टेशनातल्या खिडकीवर घ्यावं. शंभर किलोमीटरपलीकडच्या अशा तिकिटावर वाटेत उतरून पुढे जाता येतं आणि या अंतराला ते आठवडाभर चालतं. शिंकान्सेनचा (बुलेट ट्रेनचा) जादा आकार मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळा भरावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या तिकिटांना ही सवलत नसते. मधल्या स्टेशनावर फाटक तिकीट परत देतं, ते उचलायला विसरलं की पुढचा प्रवास नव्याने विकत. सुरुवात गुरुवारी करावी. टोकियोतलं मुख्य संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं आणि सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी.

पहिला दिवस : टोकियो, सुमिदा नदीच्या पूर्वेला

सुमियोशी स्टेशनातून बाहेर आलं की शेजारीच सारुए बाग लागते. झाडं, बाकं, पळणारी माणसं. मार्च १९४५ नंतर तीन वर्षं या बागेखाली हजारो प्रेतं पुरलेली होती. शहरात जळण उरलं नव्हतं, स्मशानं पुरत नव्हती, म्हणून सारुए, किन्शी, सुमिदा, उएनो अशा बागांत खड्डे खणले गेले. पुढे ती प्रेतं उकरून दहन झालं.

तिथून वीसेक मिनिटं चालत कितासुना वस्तीत टोकियो हवाई हल्ला संग्रहालय आहे. साधी इमारत, आजूबाजूला घरं. गल्ली चुकते, नकाशा हातात ठेवावा. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली त्याचं संग्रहालय एवढं लहान का, हा प्रश्न दारातच पडतो. महानगर सरकारने मोठ्या शांतता संग्रहालयाची योजना १९९९ मध्ये गुंडाळली, आणि लोकांनी वर्गणी काढून २००२ मध्ये हे उभं केलं. भरपाईचंही तसंच. सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना पेन्शन मिळालं, अणुबॉम्बग्रस्तांसाठी वेगळा कायदा झाला. नुसत्या आगीत होरपळलेल्या नागरिकांचे दावे मात्र न्यायालयांनी फेटाळले.

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो एम-६९ नावाच्या आगलाव्या बॉम्बच्या नळ्याला. षटकोनी पत्र्याचा, तीन इंच रुंद, वीस इंच लांब, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. हातात धरला तर टॉर्चसारखा वाटेल. असे ३८ नळे एका मोळीत. विमानातून मोळी पडायची, जमिनीपासून सहा-सातशे मीटरवर सुटायची आणि नळे विखुरायचे. मागे कापडाची पट्टी फडफडायची, त्यामुळे वेग कमी व्हायचा. हा वेगच खरी मेख आहे. नळा फार जोरात आला तर कौल, माळा, जमीन सगळं भेदून मातीत रुततो, फार हळू आला तर कौलावरच अडकतो. तो छत फोडून चटईवर आडवा पडला पाहिजे, असा हिशोब होता. पडल्यावर तीन ते पाच सेकंदांनी आतली दारू उडते आणि जाळीदार कापडात भरलेला पेटता नापाम तीस मीटरपर्यंत फेकला जातो. भिंतीला, पडद्याला, अंगाला चिकटतो. नापाम म्हणजे दाट केलेलं पेट्रोल. १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात तयार झालं. हे नळे कामाचे आहेत की नाहीत हे ठरवायला अमेरिकेने १९४३ मध्ये यूटाच्या वाळवंटात जपानी घरं बांधली, आत चटया अंथरल्या आणि ती पुन्हा पुन्हा जाळून पाहिली. घरांचा आराखडा करणारे आंतोनिन रेमंड हे स्वतः बरीच वर्षं टोकियोत काम केलेले वास्तुविशारद.

आधीच्या हल्ल्यांत विमानं नऊ हजार मीटरवरून कारखान्यांवर नेम धरत. त्या उंचीवरचा झोताचा वारा आणि ढग यांमुळे नेम चुकत राहिला. जानेवारीत या विमानांचे प्रमुख म्हणून आलेले अमेरिकी सेनापती कर्टिस लमे यांनी पद्धतच बदलली. रात्री जायचं, दीड ते पावणेतीन हजार मीटरवरून, बहुतेक बंदुका काढून टाकायच्या आणि वाचलेलं वजन बॉम्बमध्ये घालायचं. खाली कारखाना आहे की चाळ, हा प्रश्न त्याबरोबरच निकालात निघाला. ९ मार्चला पॅसिफिकमधल्या ग्वाम, सायपान आणि तिनियन बेटांवरून बी-२९ बॉम्बफेकी विमानं निघाली. २७९ विमानांनी टोकियोवर १,६६५ टन आगलावे बॉम्ब टाकले. पहिल्या विमानांनी मोठे बॉम्ब टाकून आगीची फुली काढली, मागच्यांनी ती भरून काढली. एका विमानात सुमारे दीड हजार नळे. त्या रात्री वारा जोराचा होता. मध्यरात्रीनंतर सुरू झालेला हल्ला अडीचच्या सुमारास संपला तेव्हा ४१ चौरस किलोमीटर शहर पेटलेलं होतं. दहा लाखांवर लोक बेघर झाले.

इतकी माणसं का मेली, याला वाऱ्याइतकाच कायदाही कारण आहे. १९४१ मध्ये सुधारलेल्या हवाई संरक्षण कायद्याने घर सोडून पळणं गुन्हा ठरवलं होतं. प्रत्येक आळीत शेजार-मंडळ, बादल्यांची रांग, बांबूला दोरखंडाच्या झिरमिळ्या बांधलेली झोडपणी. एखादी ठिणगी विझवायला ते ठीक. मिनिटाला शेकडो नळे पडत असताना लोक कायद्याप्रमाणे बादल्या घेऊन उभे राहिले आणि निघायची वेळ टळून गेली. संग्रहालयातली ती झोडपणी बघून हसू येतं आणि लगेच ओशाळायला होतं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. चीनमधल्या चुंगकिंग शहरावर जपान १९३८ पासून बॉम्ब टाकत होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ते याच युद्धातल्या जखमींसाठी.

दुपारी र्‍योगोकू स्टेशनाजवळची योकोआमिचो बाग. १९२३ च्या भूकंपानंतर या मोकळ्या मैदानात आसऱ्याला आलेले सुमारे ३८,००० लोक आगीच्या भोवऱ्यात सापडून गेले. त्यांच्यासाठी १९३० मध्ये बांधलेल्या स्मारकमंदिरातच पुढे हवाई हल्ल्यातल्या अनामिकांच्या अस्थी ठेवल्या. शेजारच्या छोट्या संग्रहालयात तापून वितळलेली यंत्रं आहेत. प्रवेश मोफत. पेटलेल्या शहरात मोकळं मैदानही सुरक्षित नसतं, हे टोकियोला बावीस वर्षं आधीच कळलं होतं.

दुसरा दिवस : हामाचो, आसाकुसा, मग ओकायामा

हामाचो स्टेशनाला लागून मेइजी-झा नाट्यगृह. आजची इमारत नवी. १९४५ मधली काँक्रीटची होती, म्हणून लोक तिकडे धावले. बाहेरच्या उष्णतेने लोखंडी दारं फुगून बसली, आत धूर आणि ज्वाळा शिरल्या, बाहेर पडता येईना. काँक्रीटच्या शाळांतही हेच झालं. भिंती टिकल्या, खिडक्या फुटल्या, आतलं सगळं पेटलं.

तिथून आसाकुसा. सेन्सो-जी देवळाचं मुख्य सभागृह त्या रात्री जळालं. आज दिसतं ते १९५८ चं काँक्रीटचं आहे. पूर्वेचं नितेनमोन दार मात्र सतराव्या शतकातलं, वाचलेलं. आवारातल्या जुन्या गिंको झाडाच्या खोडात जळका पोकळ भाग अजून दिसतो. गर्दी मुख्य दाराशी फोटो काढत असते, या झाडाजवळ सहसा कोणी थांबत नाही.

दहा मिनिटं उत्तरेला कोतोतोई पूल. आसाकुसाचे लोक पलीकडे नदी आहे म्हणून पूर्वेला धावले, मुकोजिमाचे त्याच कारणाने पश्चिमेला. पुलाच्या मध्यावर दोन्ही गर्द्या भिडल्या, पाठीवर गाठोडी, हातगाड्या, आणि आग वाऱ्याबरोबर पुलावरून आडवी गेली. नदीत उड्या मारणारे मार्चच्या थंड पाण्यात गारठून किंवा बुडून गेले. पुलाच्या पश्चिम टोकाला सुमिदा बागेत स्मारकशिळा आहे आणि तिच्या बाजूला जुन्या पुलाचे दगड ठेवले आहेत. ते काळे दिसतात, ते का हे वेगळं सांगावं लागत नाही. याच लमेंना जपान सरकारने १९६४ मध्ये मोठा किताब दिला, जपानी हवाई दल उभारायला मदत केल्याबद्दल.

दुपारच्या गाडीने ओकायामा, सव्वातीन तास. शाकाहारी माणसाने गाडीत चढण्याआधी दुकानातून कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भातगोळे घ्यावेत. स्टेशनावरच्या डब्यांत भाजी दिसली तरी रस्सा मासळीचा असतो.

तिसरा दिवस : ओकायामा

पुणेकरांना हे गाव न पाहता ओळखीचं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान इथल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. मूळ बागेत पाटाचं पाणी हिरवळीतून वळत र्‍युतेन नावाच्या उघड्या लाकडी मंडपातून वाहतं. बागेतल्या थोडक्या वाचलेल्या वास्तूंपैकी ती एक. बाकीची घरं नंतर पुन्हा बांधलेली.

२९ जून १९४५ ला पहाटे पावणेतीनला १३८ बी-२९ आली, आणि भोंगा वाजलाच नाही. लोक झोपेत होते. निदान १,७३७ माणसं गेली, शहराचा साठ टक्क्यांवर भाग जळाला. १५९७ चा काळा बालेकिल्ला, ज्याला लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात, त्यातच गेला. नदीपलीकडे दिसतो तो १९६६ चा काँक्रीटचा, आत लिफ्टसकट. मागच्या कोपऱ्यातला त्सुकिमी बुरूज तेवढा खरा. एवढ्या मध्यम शहरावर का, असं वाटतं. जूनच्या मध्यापर्यंत टोकियो, नागोया, ओसाका, योकोहामा, कोबे यांचं काम उरकलं होतं. तिथून पुढे यादी लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने खाली सरकत गेली. स्टेशनाच्या पश्चिमेला शहर संग्रहालयात या हल्ल्याचं दालन आहे. तासाभरात होतं.

चौथा आणि पाचवा दिवस : हिरोशिमा

ओकायामाहून पाऊण तास. इथे दोन दिवस लागतात, कारण संग्रहालयानंतर त्याच दिवशी दुसरं काही बघवत नाही. प्रवेश २०० येन. सकाळी उघडताना किंवा बंद होण्याआधीचे दोन तास बरे. मध्ये शाळांच्या सहलींची रांग इतकी असते की काचेपर्यंत पोचता येत नाही.

पण आधी बाहेर फिरावं. टोकियोनंतर जपानने एका उपायावर आणखी जोर दिला : घरं पाडून शहरात रुंद मोकळे पट्टे काढा. आपल्याकडे जंगलात वणव्यासाठी जाळरेषा काढतात, तसं. हिरोशिमावर आगीचा हल्ला कसा झाला नाही याचं लोकांना नवल होतं. ते शहर अणुबॉम्बसाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं हे त्यांना कुठून कळणार? क्योटो यादीतून वगळल्यावर हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी राहिली होती. आग येणारच या हिशोबाने जाळरेषांचं काम जोरात होतं, आणि मोठी माणसं सैन्यात-कारखान्यात असल्यामुळे पाडलेल्या घरांची कौलं आणि वासे उचलायला बारा-तेरा वर्षांची मुलं आणली होती. ६ ऑगस्टला सुमारे ८,००० विद्यार्थी उघड्यावर या कामाला होते. सुमारे ६,००० गेले.

शांतता बागेच्या दक्षिणेचा शंभर मीटर रुंद हेइवा ओदोरी रस्ता ही त्यातलीच एक जाळरेषा. त्याच्या कडेला, मोतोयासू नदीजवळ, महापालिका मुलींच्या शाळेचं स्मारक आहे. त्या एका शाळेच्या साडेसहाशेहून अधिक जणी गेल्या. शिल्पातल्या मधल्या मुलीच्या हातातल्या पेटीवर आइनस्टाइनचं ऊर्जेचं सूत्र कोरलंय. १९४८ मध्ये अमेरिकी अंमलाखाली ‘अणुबॉम्ब’ हा शब्द दगडावर लिहायची मुभा नव्हती, म्हणून सूत्र लिहिलं. संग्रहालयातला तो जळून कोळसा झालेला डबाही अशाच कामावर गेलेल्या मुलाचा. हे स्मारक आधी पाहिलं की तो डबा निराळा दिसतो.

घड्याळ असं गेलं. ७ वाजून ९ मिनिटांनी हवामान पाहायला आलेल्या एका विमानामुळे धोक्याचा भोंगा झाला, ७:३१ ला धोका टळल्याचा. लोक निवाऱ्यांतून बाहेर आले, कामाला लागले. नंतर आलेल्या दोन-तीन विमानांसाठी कोणी पुन्हा आत जाईना, कारण तोवर शेकडो विमानं आली तरच शहर जळतं असा अनुभव होता. ८:१५ ला सोडलेला बॉम्ब ४३ सेकंदांनी फुटला. नेम टी आकाराच्या आइओइ पुलावर होता. तो अडीचशे मीटरच्या आतबाहेर चुकला आणि बॉम्ब शिमा रुग्णालयावर ६०० मीटर उंचीवर फुटला. जमिनीवर फोडला असता तर खड्डा मोठा झाला असता पण घरं कमी पडली असती. उंचावरून आलेला दाब जमिनीवर आपटून दुणावतो आणि लाकडी घरं लांबवर सपाट होतात. मग कोसळलेल्या घरांखालच्या न्याहारीच्या शेगड्या आणि उष्णतेने पेटलेलं लाकूड मिळून आगीचं वादळ झालं. दोन किलोमीटरच्या घेरातलं जवळजवळ सगळं जळालं. वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली.

ज्या जागेच्या बरोबर वर बॉम्ब फुटला ती घुमटापासून १६० मीटरवर एका बारीक गल्लीत आहे. आजही तिथे दवाखाना चालतो, बाहेर एक फलक. नव्वद टक्के लोक तिथवर जात नाहीत असं तिथली शांतता पाहून वाटतं. दुसऱ्या दिवशी फुकुरोमाची शाळा (४६० मीटर) पाहावी. काजळीने काळ्या झालेल्या भिंतीवर लोकांनी खडूने निरोप लिहिले होते, अमुक विद्यार्थिनी तमुक ठिकाणी आहे, असे. पुढे गिलावा झाला आणि दुरुस्तीच्या वेळी तो निघाल्यावर अक्षरं खालून वर आली. जुनी बँक ऑफ जपान ३८० मीटरवर. ती दोन दिवसांत उघडली. ट्राम तीन दिवसांत एका टप्प्यावर धावू लागली, आणि त्या काळातले काही डबे अजून रुळावर आहेत.

सहावा दिवस : कोकुरा

पाऊण-एक तासाचा प्रवास, तीन तासांचा मुक्काम पुरे. इथे पाहायचं ते न घडलेलं. ९ ऑगस्टचं लक्ष्य कोकुराचा शस्त्र कारखाना होता. आज तिथे कात्सुयामा बाग, स्मारकशिळा, नागासाकीची आठवण म्हणून टांगलेली घंटा आणि २०२२ मध्ये उघडलेलं शहराचं शांतता संग्रहालय आहे. बॉम्ब नजरेने लक्ष्य दिसलं तरच टाकायचा, असा हुकूम होता. बॉक्सकार विमान पाऊण तास घिरट्या घालून तीनदा वरून गेलं, खाली धूसर. आदल्याच दिवशी शेजारचं यावाता आगलाव्या बॉम्बनी जाळलं होतं. त्याचा धूर वाऱ्याने आला, की ढगच होते, यावर अजून वाद आहे. त्यात विमानाचा राखीव टाकीचा पंप बंद, म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर इंधन असून नसल्यासारखं. विमान नागासाकीकडे वळलं.

पुढे हाकाता स्टेशनाहून नागासाकीच्या वाटेवरच्या ताकेओ-ओन्सेनपर्यंत साधी एक्सप्रेस आणि तिथे त्याच फलाटावर समोर उभी शिंकान्सेन. बदलायला तीन-चार मिनिटं असतात, पुरतात. सामान दाराजवळ ठेवावं.

सातवा दिवस : नागासाकी

नागासाकी दोन खोऱ्यांत वसलेलं आहे आणि ते पायांनीच कळतं. नेम जुन्या शहराच्या मध्यावर होता. ढगांच्या फटीतून टाकलेला बॉम्ब सुमारे तीन किलोमीटर वायव्येला उराकामी खोऱ्यात ११:०२ ला ५०० मीटरवर फुटला. प्लुटोनियमचा हा बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बहून जोराचा, पण मधल्या डोंगरांनी जुनं शहर झाकलं. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. खोऱ्यात पर्ल हार्बरवर वापरलेले पाणतीर बनवणारा मित्सुबिशीचा कारखाना होता, आणि जपानमधल्या कॅथलिकांची सर्वांत मोठी वस्तीही.

स्फोटबिंदूच्या बागेत काळा खांब, शेजारी उराकामी चर्चच्या भिंतीचा तुकडा. पायऱ्या उतरून ओढ्याकाठी जावं : तिथे काचेमागे १९४५ ची माती जशीच्या तशी ठेवली आहे, फुटकी कौलं, वाट्या, वितळलेली काच. चर्च ५०० मीटरवर, १९५९ मध्ये पुन्हा बांधलेलं. पडलेल्या मनोऱ्याचा घुमट खाली ओढ्याजवळ अजून तसाच. एक घंटा ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि त्याच वर्षीच्या नाताळला वाजली. दुसरीची जागा रिकामी होती, ती अमेरिकेतल्या कॅथलिकांच्या वर्गणीतून २०२५ मध्ये भरली.

मग सान्नो देवळाचं एका पायावर उभं दगडी तोरण, ८०० मीटरवर. दोन्ही कापराची झाडं जिवंत आहेत. शांतता बागेतला ९.७ मीटरचा निळा पुतळा सेइबो कितामुरांचा. तो अनेकांना आवडत नाही, फार धिप्पाड आहे. शिल्पकाराचं नाव मात्र उद्यासाठी लक्षात ठेवावं.

आठवा दिवस : कुमागाया

सकाळच्या विमानाने हानेदा, मग टोकियो स्टेशनहून शिंकान्सेनने चाळीस मिनिटं. या गावाला परदेशी पर्यटक येत नाहीत, आणि उन्हाळ्यात ते जपानमधल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एक असतं. टोपी आणि पाणी हवंच.

स्टेशनाच्या उत्तरेला दुकानांच्या रस्त्यामधून होशिकावा नावाचा बांधीव ओढा वाहतो. १४ ऑगस्टच्या रात्री साडेअकराच्या सुमारास इथे आगलावे बॉम्ब पडू लागले. शरणागतीचा निर्णय टोकियोत तोवर झाला होता. लोक ओढ्यात उतरले. दोन्ही काठांवर घरं खेटून होती, ती पेटल्यावर मधली हवाच जळायला लागली. कोतोतोई पुलासारखंच इथेही पाणी होतं आणि त्याचा उपयोग झाला नाही. शहरात २६६ जण गेले, त्यातले शंभराच्या आसपास या ओढ्यापाशी. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, दुपारी बारा वाजता रेडिओवर सम्राटांचं शरणागतीचं भाषण झालं.

ओढ्यावर मृतांच्या स्मरणार्थ एक देवी उभी आहे, तीही कितामुरांचीच, नागासाकीच्या पुतळ्यापेक्षा खूप लहान. दर १६ ऑगस्टला संध्याकाळी इथे कागदी दिवे सोडतात. पाणी फार खोल नाही, दिवे अडकतात, आणि काठावरची माणसं ते काठीने पुढे ढकलत राहतात.